भरणे आणि देणे

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या मुलांनी मला एक एक्सेल फाइल पाठवली. डाव्या रकान्यात दीडएकशे इंग्रजी शब्द, उजवा रकाना कोरा. शाळा, सोसायट्या, गणेश मंडळं, भिशीचे गट, सहलीला निघालेले क्लास, या सगळ्यांना मोबाइलवरून पैसे गोळा करता यावेत असं अ‍ॅप ते बांधत होते. "काका, फक्त मराठी शब्द भरून द्या," एवढंच काम. पहिलाच शब्द होता 'पे'. तिथेच अडलो, आणि फाइल परत करायला दोन महिने लागले.

मराठीत यासाठी एकच क्रियापद नाही. फी भरतात, दंड भरतात, घरपट्टी आणि लाइटबिल भरतात. देणगी देतात, दक्षिणा देतात. आहेर करतात. अनामत ठेवतात. पट्टी बसते. भिशी भरतात, उचलतात, आणि एखाद्याला ती लागते. वर्गणीची तर गंमतच. मागणारा ती काढतो, देणारा देतो आणि नाइलाजाने देणारा घरात येऊन म्हणतो, "भरली एकदाची." भरण्यात न भरण्याची सोय नसते, कुठेतरी आपल्या नावाचा खड्डा आहे आणि तो बुजवायचा आहे. देण्यात हात आखडता घेता येतो. नाही म्हणता येणं किंवा न येणं, हा सगळा करार मराठीने क्रियापदातच करून ठेवला आहे. अ‍ॅपवाले मात्र सगळ्यांवर एकच निळं बटण बसवतात : 'पेमेंट करा'.

सरकारी मराठीकडे वळावं तर तिथे पेमेंटला 'अधिदान' आहे. मुंबईतल्या अधिदान व लेखा कार्यालयाच्या पाटीवर तो शब्द शोभतो, पण "अगं, मुलाच्या शाळेचं अधिदान केलंस का?" असं विचारणारा नवरा मला अजून भेटलेला नाही. राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, पुढे पदनाम कोश आणि परिभाषा कोश निघाले, आणि त्यातले कितीतरी शब्द रुळलेही. पैशांच्या बाबतीत मात्र मराठी माणूस फार जुन्या सवयींचा आहे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हप्ता, अनामत हे अरबी-फार्सी शब्द आजही आपल्या जिभेवर आहेत आणि ते बाहेरचे आहेत हे कुणाला सांगूनही पटत नाही. तेव्हा नवा शब्द घडवायचा नाही, आहे तो ओळखायचा, एवढं धोरण मी ठरवून टाकलं.

शाळेपासून सुरुवात केली. 'फी' हा शब्द घट्ट आहे. 'शुल्क' छापील आहे, पण समजतं. अडचण फीच्या पोटात काय काय येतं याची. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीसाठी २०११ चा शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायदा आहे. प्रत्यक्षात तो २०१४ च्या डिसेंबरपासून लागू झाला. शाळेने फी सुचवायची, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ती मान्य करायची आणि ठरलेल्या फीच्या वर काही घ्यायचं नाही, असा त्याचा ढाचा आहे. म्हणजे फीतलं प्रत्येक शीर्षक कुणीतरी कुठल्यातरी बैठकीत मंजूर केलेलं असायला हवं. फाइलमध्ये 'अदर चार्जेस' असा एक शब्द होता. मी त्याच्यासमोर 'इतर' असं लिहून पुसलं. मराठी लिपिकाच्या हातात 'इतर' हा रकाना दिला की काय होतं हे मला ठाऊक आहे. सांडलेलं सगळं त्यात जातं. शीर्षक नसेल तर रक्कम घेता येणार नाही, अशी सोय करा म्हणून कळवलं. ते म्हणाले, हा भाषेचा विषय नाही. माझ्या मते होता.

शीर्षकाचं महत्त्व पालकालाही कळायला हवं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० सी मध्ये दोन मुलांच्या शिक्षणाची वजावट मिळत आली ती ट्यूशन फीवर. विकास निधीवर किंवा देणगीवर नाही. पावतीवर नुसतं 'शालेय शुल्क ६०,०००' असं छापलं असेल तर जुनी करप्रणाली निवडणारा बाप मार्चमध्ये शाळेत खेटे घालतो आणि लिपिक त्याला हाताने फोड करून देतो. अ‍ॅपच्या यंत्राला ही फोड पहिल्या दिवशीच करता येते, फक्त शब्द वेगळे ठेवायला हवेत. शब्दांवर मर्यादाही अवलंबून असते. यूपीआयवरून एरवी दिवसाला एक लाख जातात. शैक्षणिक संस्था आणि रुग्णालयांसाठी रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. खातं 'शाळा' म्हणून नोंदलेलं आहे की संस्थाचालकाच्या नावाने, यावर वर्षाची फी एकदम भरता येईल की नाही हे ठरतं.

आता देणगी. आपण भाषेशी इथे मोठी हुशारी केली आहे. इंग्रजीत जो शब्द सोज्वळ आहे तोच मराठीत आल्यावर काळा झाला. "त्यांनी शाळेला देणगी दिली" या वाक्यात कोनशिला आहे, हार आहे. "शाळेने डोनेशन मागितलं" या वाक्यात बंद दार आणि पाकीट आहे. १९८७ मध्ये महाराष्ट्राने कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा केला, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही तिला मनाई केली, पण लोकांनी त्या व्यवहाराला 'कॅपिटेशन' म्हटलं नाही आणि 'देणगी' तर मुळीच नाही. त्यांनी 'डोनेशन' हा शब्द त्यासाठी राखून ठेवला. म्हणून अ‍ॅपमध्ये 'डोनेशन' लिहू नका, असं मी मुलांना निक्षून सांगितलं. वाचणाऱ्याला लगेच प्रवेशाच्या खिडकीचा वास येईल.

देणगीला दुसराही जाच आहे, तो म्हणजे आधीच टिक करून ठेवलेला चौकोन. फीच्या शेवटच्या पानावर 'गरजू विद्यार्थ्यांसाठी ५० रुपये' हळूच जोडलेले असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या रचनांची यादी काढून त्या मना केल्या. न विचारता टोपलीत भर घालणं ही त्यातलीच एक. 'ऐच्छिक' हा शब्द आणि आधीच केलेली टिक एका पानावर नांदू शकत नाहीत. शिवाय देणगीची पावती वेगळ्याच जातीची असते. तिच्यावर आयकराची वजावट हवी असेल तर संस्थेची तशी मान्यता हवी, आणि २०१७ पासून दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. फीच्या पावतीचाच साचा देणगीला वापरला की या सगळ्याचा गोंधळ होतो.

वर्गणीपाशी मात्र मी रेंगाळलो. हा शब्द ना फी ना देणगी. मधल्या पट्ट्यात उभा आहे. मासिकाची वर्गणी असते, वाचनालयाची असते, मंडळाची असते. मासिकाचे 'आजीव वर्गणीदार' ही तर एक जमातच होती, आणि त्यांतले काही मासिकापेक्षा जास्त जगले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी पैसा फंड चालवला. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य जमवलं गेलं, त्याला मुष्टिफंड म्हणत. पैसा आणि मूठ. दोन्ही नावांत रक्कम आधीच सांगितलेली आहे, आणि ती इतकी लहान आहे की नाही म्हणायला लाज वाटावी आणि द्यायला ओझं वाटू नये. आजच्या अ‍ॅपमध्ये जे 'सजेस्टेड अमाउंट' म्हणून येतं ते हेच, फक्त आता पहिला आकडा ५०१ असतो.

वर्गणी मोजायची कशावर, हे तर मुलांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या हिशेबात एक मोबाइल नंबर म्हणजे एक माणूस. गावच्या जत्रेची वर्गणी घरटी ठरते, नाहीतर चुलीमागे, कधी माणशी. घरटी आणि चुलीमागे यांत अंतर आहे. एका वाड्यात तीन भाऊ राहत असतील पण स्वयंपाक एकत्र असेल तर वर्गणी एक. धाकट्याने वेगळी चूल मांडली की दुसऱ्या वर्षीपासून दोन पावत्या. गावाला कुटुंब फुटल्याची पहिली अधिकृत बातमी पुष्कळदा वर्गणीच्या वहीतून कळते, तहसीलदाराला कळायच्या कितीतरी आधी. आणि चुलीचा प्रमुख कोण हे गावाला माहीत असतं, अ‍ॅपला विचारावं लागतं. मुंबईत नोकरी करणारा मुलगा फोनवरून पैसे पाठवतो, पण पावती म्हाताऱ्या वडिलांच्या नावे हवी असते. जत्रेत नाव पुकारलं जाईल ते त्यांचं. म्हणून मी 'पेअर' या एका शब्दासमोर दोन शब्द लिहिले : 'पैसे कोण पाठवतंय' आणि 'पावती कुणाच्या नावे'. माझ्या सगळ्या कामातली ही एकच सूचना त्यांनी लगेच उचलली.

सार्वजनिक वर्गणीला कायद्याचं कुंपणही आहे. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी नुसार, नोंदणी नसलेल्या मंडळाने उत्सवासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. पावतीपुस्तकावर परवानगीचा क्रमांक छापणारी मंडळं आहेत, आणि पुस्तक फक्त नगाला नग म्हणून बाळगणारीही. क्यूआर कोडमुळे एक बदल झाला : पैसे आता बहुतेक वेळा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात जातात. पूर्वी पत्र्याची पेटी होती. पेटी कुणाच्याही घरी असो, ती मंडळाचीच असे. खात्याला तसं म्हणता येत नाही. अ‍ॅपमध्ये 'रिसीव्हिंग अकाउंट' समोर मी 'पैसे कुणाच्या खात्यात जाणार' असं लांबलचक लिहिलं. बटणावर मावत नाही, अशी तक्रार आली.

पट्टीबद्दल फार बोलायला नको. ती जुन्या महसुलातून आली, घरपट्टी-पाणीपट्टीत सरकारी झाली आणि गावकीत अजून 'पट्टी काढू' म्हणून जिवंत आहे. हप्त्याचं मात्र वाईट झालं. सात दिवसांच्या आठवड्यासाठीचा हा फार्सी शब्द कर्जाच्या भागासाठी आला आणि मग टपरीवाल्याकडून दर महिन्याला कुणीतरी नेतो त्यासाठीही. 'तुमचा हप्ता बाकी आहे' असा निरोप फोनवर आला तर कोण काय समजेल सांगता येत नाही. शाळेसाठी मी 'फीचा दुसरा भाग' असं सुचवलं.

सोसायटीत सगळं 'मेंटेनन्स' या एका शब्दात कोंबलेलं असतं. आत पाहिलं तर सेवाशुल्क वेगळं, बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्क्याचा सिंकिंग फंड वेगळा, पाऊण टक्क्याचा दुरुस्ती निधी वेगळा. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. महिन्याला साडेसात हजारांपर्यंतच्या वर्गणीला जीएसटीतून सूट आहे. कायदा इथे चक्क 'वर्गणी'च्या अर्थाचा शब्द वापरतो, आणि सभासद मात्र घरमालकाला भाडं दिल्यासारखं तोंड करून मेंटेनन्स भरतात. सगळ्यांनी मिळून काढलेली वर्गणी आहे असं बिलावर छापलं असतं तर वार्षिक सभेतला आवाज थोडा कमी झाला असता, असं मला उगाच वाटतं.

भिशीने माझी परीक्षा घेतली. बायकांच्या गटातली चिठ्ठ्यांची भिशी, व्यापाऱ्यांची लिलावाची भिशी, आणि वारीतल्या दिंडीत जेवणखाण्यासाठी वारकरी भरतो तीही भिशी. तिसरीत पैसे परत मिळत नाहीत, प्रसाद मिळतो. पहिल्या दोन्हींत कायदा लांब नाही. १९८२ चा चिट फंड कायदा आहे. २०१९ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्तीतला मोठा भाग चक्क शब्दांचा होता. 'चिट' नाव बदनाम झालं म्हणून 'फ्रॅटर्निटी फंड' असं नाव वापरायला वाव दिला, 'प्राइझ अमाउंट'च्या जागी 'नेट चिट अमाउंट' आलं, 'डिव्हिडंड' जाऊन 'शेअर ऑफ डिस्काउंट' आलं. बक्षीस लागलं, लाभांश मिळाला, असे शब्द वापरले की स्वतःचेच पैसे परत घेणाऱ्या माणसालाही कमाई झाल्यासारखं वाटतं, हे दिल्लीच्याही लक्षात आलं होतं. मराठीने 'उचलणे' हा शब्द शोधून हे काम कधीच केलं आहे. उचल म्हणजे पुढे फेडायचे पैसे, हे शेतमजुरापासून ऊसतोड कामगारापर्यंत सगळ्यांना कळतं. भिशी ज्याने पहिल्याच महिन्यात उचलली तो पुढचे अकरा महिने देणेकरी आहे. अ‍ॅपच्या यादीत त्याच्या नावापुढे हिरवी टिक आणि 'यू वन' असं होतं. मी तिथे 'उचलली' लिहिलं आणि हिरवा रंग काढायला सांगितला.

चुकीच्या शब्दाने खरोखर पैसे जातात हे 'कलेक्ट रिक्वेस्ट'ने दाखवलं. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हापासून त्यात समोरच्याकडे पैसे मागण्याची सोय होती. भामटे जुना पलंग विकणाऱ्याला फोन करत, "काका, पैसे पाठवतोय, आलेली रिक्वेस्ट मान्य करा आणि पिन टाका." काका पिन टाकत, आणि पैसे येण्याऐवजी जात. 'कलेक्ट' म्हणजे पैसे मिळणार, असं मराठी कानाला वाटतं. पडद्यावर 'अमुक माणूस तुमच्याकडे २,००० रुपये मागतोय, देणार का?' असं असतं तर किती जण फसले असते? अखेर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ही सोयच बंद केली. दुकानं आणि संस्थांसाठी ती चालू आहे, म्हणजे शाळेच्या अ‍ॅपमध्येही येऊ शकते. मी तिथे 'मागणी' लिहिलं. मागणी म्हटलं की देणारा कोण हे मराठीत विचारावं लागत नाही. फक्त मुलींच्या लग्नाच्या संदर्भात थोडा अडसर येतो, पण तो फी भरताना आठवायचं कारण नाही.

पैसे अडकले की काय म्हणायचं, हा पुढचा घोळ. 'रिफंड'साठी छापील मराठीत 'परतावा' आहे, पण म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींनी तो शब्द पळवला आहे. आता परतावा म्हणजे नफा. शिवाय रिफंड आणि रिव्हर्सल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवहार मधेच बिघडला तर बँक आपणहून पैसे परत करते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानाला केलेल्या यूपीआय व्यवहारात हे पाच दिवसांत व्हायला हवं, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. रिफंड शाळा देते, तिच्या मनाने आणि तिच्या वेळाने. पालकाला हा फरक माहीत नसतो म्हणून तो बँकेवर रागवायचं ते वर्गशिक्षिकेवर रागावतो. मी 'बँकेकडून परत' आणि 'शाळेकडून परत' असे दोन शब्द दिले. 'सेटलमेंट'ला मात्र जुना देखणा शब्द सापडला. चेक वटतो. पालकाच्या खात्यातून गेले पण शाळेच्या खात्यात अजून पडले नाहीत, त्या मधल्या दिवसाला 'वटायचे आहेत' याहून नेमकं काय म्हणणार? पंचविशीतल्या प्रोग्रॅमरला तो शब्द ठाऊक नव्हता. त्याने आयुष्यात चेक लिहिलाच नव्हता.

आणि पावती. छापील पावतीवर 'यांजकडून अक्षरी रुपये … साभार मिळाले' असं असतं. त्यात तीन गोष्टी आहेत : आकडा अक्षरांत, आभार, आणि मिळाल्याची कबुली. ही कबुली घेणाऱ्याने दिलेली असते. आता गटात सगळे सांगतात, "स्क्रीनशॉट टाका." स्क्रीनशॉट हा पाठवणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला, खोटा बनवणाऱ्या अ‍ॅपचाही सुळसुळाट आहे. म्हणून 'पेमेंट सक्सेसफुल' आणि 'पावती' हे दोन वेगळे क्षण ठेवा, आणि दुसऱ्यावर 'मिळाले' हा शब्द हवाच, असं मी लिहिलं. 'सुविधा शुल्क' या शब्दाची टिंगलही मी समासात केली होती (सोय कुणाची हे शुल्क घेणाराच ठरवतो), ती त्यांनी गाळली.

शेवटी 'ड्यू', 'ओव्हरड्यू', 'डिफॉल्टर', 'वेव्ह्ड' हे चार शब्द उरले. पहिले दोन सोपे : 'भरायचे आहेत' आणि 'मुदत गेली'. 'थकबाकीदार' मी दिला नाही. सोसायटीच्या लिफ्टपाशी लागणाऱ्या यादीत त्याने पुरेशी भांडणं लावली आहेत, लहान मुलाच्या नावापुढे तो नको. चौथ्यासाठी माझ्या वडिलांच्या काळातला शब्द आठवला. नादारी. गरीब पण हुशार मुलाची फी माफ होई, त्याला नादारी मिळाली म्हणत. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी. माफीत अपराधाची छटा आहे, नादारीत फक्त खिशाची. पण हा शब्द आज पालकांना कळणार नाही, हेही मान्य करावं लागलं, म्हणून 'सवलत' लिहिलं. आणि खाली एक टीप जोडली, की वर्गाच्या यादीत सवलत मिळालेल्या मुलाच्या नावापुढेही इतरांसारखं 'पूर्ण' असंच दिसावं. खरी नोंद फक्त मुख्याध्यापक आणि लिपिकाला दिसावी.

उत्तर आठ दिवसांनी आलं. "काका, शब्द सगळे घेतले. टीप शब्दाची नाही, यादी कुणाला काय दाखवायची याची आहे. सध्या सगळ्यांना सगळं दिसतं. पुढच्या आवृत्तीत बघतो."